विश्लेषण : ओझरचे ‘मिग-२१’ जपायचे कसे?

चंडीगडमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी ‘मिग-२१’ हवाई दलातून निवृत्त झाले. या जातीची जुनी विमाने देशभर संग्रहालयांत आणि चौकांत उभी आहेत. मात्र, विमान चबुतऱ्यावर चढवले म्हणजे ते जपले असे होत नाही.

नाशिकशी नाते काय?
‘मिग-२१’च्या निर्मितीसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ओझर येथील कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, तर इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला तयार होत.

उभ्या विमानाला धोका कशाचा?
मुख्यतः पाण्याचा. पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर अनेक बोल्ट पोलादी. दोन धातूंच्या सांध्यात ओल शिरली की तिथे जणू छोटी बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजते. खाऱ्या वाऱ्यात ही झीज आणखी वेगाने होते. गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात उघड्यावर ठेवलेल्या विमानांपुढे हेच आव्हान आहे. याशिवाय उन्हाने कॉकपिटचे पारदर्शक छत धुरकट होते आणि हवा आत घेणाऱ्या तोंडात पक्षी घरटी बांधतात.

रंग दिला तर भागत नाही का?
नाही. रंगाखाली झीज सुरूच राहते. त्यामुळे जुना रंग खरवडून पत्रा तपासणे, खराब भाग बदलणे आणि गंजरोधक प्रायमर लावणे, हा क्रम पाळावा लागतो. त्याआधी उरलेले इंधन, तेल आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटके काढावी लागतात.

पुन्हा उडवता येते का?
येते, पण खर्च मोठा असतो. राजीव चंद्रशेखर यांनी भंगारात निघालेले एक डकोटा विमान विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. ‘परशुराम’ नावाचे हे विमान एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत भारतात आले. ‘मिग-२१’ हे स्वनातीत जेट आहे. त्याचे इंजिन आणि सुटे भाग सांभाळणे याहून कठीण. त्यामुळे प्रदर्शनासाठी जतन करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

नाशिक काय करू शकते?
मूळ रंग कोणता, कोणता भाग कधी बदलला, याच्या नोंदी नसतील तर दुरुस्ती अंदाजाने होते. १९६६ च्या सुमारास विशीत ओझरला कामाला लागलेले कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. पत्रा पुढेही बदलता येईल. त्यांच्या आठवणी मात्र आत्ताच नोंदवून घ्याव्या लागतील.