गोळ्या कपाटात, माणसं घरी

एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या दक्षिण आफ्रिकेत आहे, सुमारे ८० लाख. त्यांच्या बहुतेक गोळ्या तिथलं सरकार स्वतःच्या पैशाने घेतं. या आजारावरच्या खर्चात अमेरिकेचा वाटा होता जेमतेम १७ टक्के. त्यामुळे २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी परदेशी मदत रोखली, तेव्हा एवढ्याने काय बिघडणार, असं कुणालाही वाटावं.

पण त्या १७ टक्क्यांत माणसांचे पगार होते. समुपदेशक, परिचारिका, नोंदी ठेवणारे, गोळ्या न्यायला न आलेल्याच्या घरी जाऊन चौकशी करणारे. आठवडाभरात काम थांबवण्याचे आदेश निघाले. जोहान्सबर्गमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी, समलिंगी पुरुषांसाठी चालणारी केंद्रं बंद पडली. सरकारी दवाखाना उघडाच होता. पण तिथल्या रांगेत होणाऱ्या अपमानामुळेच तर ही मंडळी या केंद्रांत येत होती. आपल्याकडेही तेच झालं. पुणे आणि ठाण्यातली, तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिक याच आदेशाने बंद झाली.

या आजारात खंड फार महाग पडतो. गोळ्यांनी विषाणू मरत नाही, दबून राहतो. तपासणीत सापडणार नाही इतका दबला, की शरीरसंबंधातून लागणही होत नाही. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत तो पुन्हा उसळतो. कधी गोळ्या, कधी नाही, असं चाललं तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईला उपचार मिळाले नाहीत, तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचारांनी ती पाचाच्या खाली येते.

आपल्या लोकांच्या औषधपाण्याचा भार देशांनी स्वतः उचलावा, हे मला मान्य आहे. अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करू, असं आफ्रिकी देशांनीच २००१ मध्ये अबुजात ठरवलं होतं. बहुतेकांनी ते पाळलं नाही. पण असा भार खांद्यावर घ्यायला काही वर्षं द्यावी लागतात. इथे धड महिनाही दिला नाही. हा मला क्रूरपणा वाटतो.

तोही नेमका लेनाकॅपाविर हाती येत असताना. लागण होऊच नये म्हणून वर्षातून दोनदा टोचायचं हे औषध. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक मुली-तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते कुणाला द्यायचं, सहा महिन्यांनी ती परत आली का, हे बघायला लागणार आहेत तीच माणसं, ज्यांची नोकरी गेली.