पुरेसे किती? : एपिक्युरसचे सुख आणि खडकवासल्याचे पाणी

‘खा, प्या, मजा करा’ असे सांगणारा ग्रीक म्हणून एपिक्युरसचे नाव आपल्याकडे बहुधा चार्वाकाच्या जोडीने घेतले जाते. ही जोडी मलाही पटते, पण वेगळ्या कारणाने. चार्वाकाचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, त्याचे मत न मानणाऱ्यांच्या ग्रंथांतून. ऋण काढून तूप पिणारा ही त्याची ख्याती अशाच ग्रंथांनी पसरवली. एपिक्युरसचीही चंगळखोर म्हणून बदनामी झाली ती विरोधकांकडूनच. मात्र त्याची तीन पत्रे आणि चाळीस सूत्रे डायोजिनीस लेअर्शियस या चरित्रकाराने उतरवून ठेवली, म्हणून ती टिकली. ती वाचल्यावर चंगळखोराऐवजी एक काटकसरी, हिशेबी माणूस समोर येतो.

इ. स. पू. ३४१मध्ये जन्मलेल्या एपिक्युरसने इ. स. पू. ३०६च्या सुमारास अथेन्समध्ये एक घर आणि बाग घेतली. पुढे ‘बाग’ हेच त्याच्या संप्रदायाचे नाव पडले. तिथे स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. जेवण साधे असे. चीजचे एक लहानसे भांडे पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल, असे त्याने एकदा एका मित्राला कळवले होते.

त्याने इच्छांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातल्या नैसर्गिक आणि आवश्यक, दुसऱ्यातल्या नैसर्गिक पण अनावश्यक, आणि तिसऱ्यातल्या धड नैसर्गिकही नाहीत आणि आवश्यकही नाहीत. केवळ पोकळ समजुतीतून उपजलेल्या. पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर हे तिन्ही वर्ग शेजारीशेजारी दिसतात. भूक लागली म्हणून खावेसे वाटणे पहिल्या वर्गातले. साध्या भाकरीने भागत असताना भाजलेले कणीस किंवा कांदाभजीच हवी, हे दुसऱ्यातले. त्याला एपिक्युरसची हरकत नाही, मिळाले तर आनंदाने खावे. आपण इथे येऊन गेलो हे चारचौघांना दिसावे म्हणून तासन्‌तास वाहनांच्या रांगेत अडकून राहणे, हे तिसऱ्यातले.

या वर्गवारीमागचा विचार महत्त्वाचा आहे. एपिक्युरसच्या मते सुखाला वरची मर्यादा असते. भुकेचे दुःख संपले की ती गाठली गेली. पुढे पदार्थ बदलून सुखाचा प्रकार बदलेल, प्रमाण वाढणार नाही. तिसऱ्या वर्गातल्या इच्छांना मात्र अशी मर्यादाच नसते, कारण त्यांचे माप आपल्या पोटात नसून दुसऱ्याच्या डोळ्यांत असते.

तरीही हा त्याग नव्हे. सिनिक पंथाच्या डायोजिनीसने एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहिले आणि आपला पेला फेकून दिला, अशी आख्यायिका आहे. एपिक्युरसने पेला ठेवला असता. थोडक्यावर राहण्याची सवय करायची ती नेहमी थोडकेच घ्यावे म्हणून नव्हे, तर अधिक नसेल तेव्हा अडू नये म्हणून, असे त्याने मेनीशियसला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आहे.

आपल्या वारकरी संतांच्या समाधानाशी याचे साम्य वाटते, पण पाया वेगळा आहे. संतांचा भरवसा विठ्ठलावर. एपिक्युरसचे देव मात्र जगाच्या व्यवहारात लक्षच घालत नाहीत. त्याचा भरवसा दोन गोष्टींवर होता. एक, आवश्यक ते सहज मिळते. आणि दोन, अडीअडचणीला मित्र असतात. भूक, तहान आणि थंडी यांपासून सुटका आणि ती उद्याही राहील याची खात्री, एवढ्यावर माणूस सुखात झ्यूसशी बरोबरी करू शकतो, असे तो मानत असे. यातला ‘उद्या’ हा शब्द मला कळीचा वाटतो.

तहान पहिल्या वर्गातली खरी, पण ती भागवणारे पाणी आपोआप येत नाही. खडकवासल्याचे पहिले धरण १८७९च्या सुमारास पूर्ण झाले. तो साठा अपुरा वाटू लागल्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३मध्ये आपोआप उघडणारी दारे बसवून पातळी वाढवली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्यात खडकवासलाही टिकले नाही. आणि पुरातून वाचलेले पुणे पाण्याला मोताद झाले. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोनाचा.

हेच पाणी कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांकडेही जाते. म्हणून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शहर आणि शेती यांची ओढाताण ठरलेली. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम मिळतो, ते योग्यच. पण त्याच नावाखाली गाड्या धुणे आणि पोहण्याचे तलावही खपून जातात. एपिक्युरसची चाळणी लावायची ती इथे, ‘पिण्याचे पाणी’ या एका शब्दाच्या आत.

साधेपणाच्या उपदेशावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ज्याच्याकडे मुळातच काही नाही, त्याला थोडक्यात समाधान मानायला सांगणे क्रूरपणाचे आहे. आक्षेप रास्त आहे, पण तो एपिक्युरसला लागू होत नाही, असे मला वाटते. उद्याची खात्री नसेल तिथे समाधान येणार नाही, हे त्यानेच मानले होते. टँकरची वाट पाहणाऱ्या घराला किंवा कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला ‘पुरेसे किती’ हे विचारण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरचा नळ रोज वाहतो, त्याने ते स्वतःला विचारायचे आहे.