उठावाच्या अक्षरांचा जमाखर्च

लग्नपत्रिका हातात आली की मजकूर वाचण्याआधी आपला अंगठा नकळत वरच्या गणपतीवरून फिरतो. गणपती उठावाचा असला तर यजमानांनी हात सैल सोडला आहे आणि सपाट असला तर बेताबेताने चालले आहे, असा एक अलिखित हिशेब आपण मांडून मोकळे होतो. कागदाला चिमूटभर उंची आली की त्याचा भाव बदलतो, हे हाताने शुभेच्छापत्रे करणाऱ्या बायकांना कुणी सांगावे लागत नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पोफळीची रांग, कोळ्याची होडी किंवा कुलाब्याचा किल्ला कार्डावर उठवायचा, तर प्रश्न उभा राहतो तो लेपाचा.

शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात या लेपाला ‘एम्बॉसिंग पेस्ट’ म्हणतात. कागदावर जाळीचा साचा ठेवायचा, पातीने लेप पसरायचा, साचा अलगद उचलायचा आणि वाळू द्यायचे. परदेशी बनावटीची छोटीशी डबी काहीशे रुपयांना पडते. पण झाकण उघडून पाहिले तर आत दोनच मुख्य गोष्टी असतात : एक पांढरी भुकटी आणि तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. बाकीची किंमत सफाईची, वेष्टनाची आणि प्रवासाची.

बँकेच्या नोकरीत मी कर्जाच्या अर्जावरचा एक रकाना आधी पाहत असे : कच्चा माल कुठून येणार? १९९२ साली नाबार्डने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे खेडोपाडी बायकांच्या हातात पासबुके आली. परंतु कर्ज मिळाले म्हणजे धंदा झाला, असे नव्हे. समजा, एक कार्ड चाळीस रुपयांना विकले. कागद आणि पाकिटाचे बारा गेले, दुकानदाराचे दहा गेले. लेपाला आठ रुपये लागले, तर करणारीच्या हाती दहा उरतात. लेप घरचा असला आणि रुपयात भागला, तर सतरा. कार्ड तेच, मेहनत तीच. मजुरी वाढली ती भाव न वाढवता. स्वस्त पर्याय हा काटकसरीचा विषय वाटतो. माझ्या मते तो मजुरीचा विषय आहे.

आता घरचा लेप. शाळेच्या खडूची वस्त्रगाळ पूड किंवा साधी टाल्कम पावडर साधारण दोन भाग आणि फेव्हिकॉल एक भाग. लागलेच तर पाण्याचे चार थेंब आणि रंगासाठी थोडा अ‍ॅक्रिलिक रंग. श्रीखंडाइतके दाट झाले की थांबावे. पाणी जास्त झाले तर लेप साच्याखाली पसरतो आणि वाळताना भेगाळतो. साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म कोरून घ्यावी, बारीक नक्षीसाठी मेंदीचा कोन वापरावा. रांगोळीची पूड घातली तर पृष्ठभाग खरबरीत होतो. किल्ल्याच्या तटाला तो शोभून दिसतो. पूड चाळताना मात्र नाकातोंडाला फडके बांधावे.

याला ‘नक्कल’ म्हणून कुणी नाक मुरडू नये. तंजावरच्या चित्रांतले दागिने उठून दिसतात ते खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ यांसारख्या मिश्रणामुळे. त्यावर सोन्याचा वर्ख चढतो. ही कला बहरली ती तिथल्या मराठा राजांच्या आश्रयाने. इकडे सावंतवाडीचा गंजिफाही चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर घेऊनच उभा राहतो. दशावतारी गंजिफाचे एकशेवीस गोल पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. भुकटी आणि खळ ही जोडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. डबी मागाहून आली.

किनाऱ्याची हवा मात्र आपला वेगळा कर वसूल करते. फेव्हिकॉल वाळतो तो त्यातले पाणी उडून गेल्यावर, आणि आषाढात ते पाणी जायलाच तयार नसते. म्हणून थर पातळ द्यावा, एक पुरता वाळल्यावर दुसरा. उन्हात टाकलेले कार्ड पापडासारखे वळते. ते पंख्याखाली वाळवून मग वजनाखाली ठेवावे. ओलसर कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर बुरशी आलीच. हौसेने समुद्रावरची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा वापरणार असाल तर गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा. मीठ राहिले की ते हवेतली ओल ओढत राहते.

राहता राहिले प्लॅस्टर ऑफ पॅरिस. आपल्या पेणमुळे रायगडात ते सहज मिळते. पण प्लॅस्टर म्हणजे भाजून पाणी काढून घेतलेला जिप्सम. पाणी मिळताच तो पुन्हा दगड होतो आणि वाटीतला लेप काही मिनिटांत वाया जातो. शाळेचा खडू पुष्कळदा याच प्लॅस्टरचा असतो. फरक इतकाच की तो आधीच घट्ट झालेला असल्याने पुन्हा बसत नाही. म्हणून लेपाला खडू बरा.

पेणची गोष्ट आणखीही काही शिकवते. शाडूच्या जागी प्लॅस्टर आले, कारण ते हलके, स्वस्त आणि झटपट. त्याचा खर्च पुढे पाण्याच्या खात्यावर निघाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये मूर्ती घडवायला मोकळीक, पण नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर निर्बंध, असा मार्ग निघाला. या साऱ्या वर्षांत टांगती तलवार राहिली ती कारागिरांच्या डोक्यावर. तेव्हा पर्याय निवडताना त्याचा पुरा खर्च मांडावा. आजचा आणि उद्याचाही.

मोठी मागणी आली, शंभर कार्डे अगदी एकसारखी हवी असली, तर खुशाल डबी विकत आणावी आणि तिचा खर्च भावात धरावा. एरवी एक वही करावी. मिश्रणाचे प्रमाण, तारीख आणि नमुन्याचा तुकडा तिच्यात चिकटवावा. मृगापासून दसऱ्यापर्यंत जो तुकडा भेगाळला नाही, बुरसला नाही, त्याचेच प्रमाण पक्के धरावे आणि मग दिवाळीची मागणी घ्यावी.