आधी पिण्याचं, मग बाकीचं

मस्कतहून निझवाला गेलात, तर किल्ला बघून आणि हलवा घेऊन लगेच परतू नका. फलज दारिसच्या काठावर थोडा वेळ बसा. डोंगरपायथ्याच्या भूजलापर्यंत खणलेल्या बोगद्यातून, पंपाविना, नुसत्या उतारानं गावात येणारा पाट म्हणजे फलज. ओमानात असे सुमारे 3,000 पाट अजून वाहतात. दारिससह पाच फलज 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

पाण्याच्या पाळ्यांबद्दल सगळेच बोलतात. मला जास्त मोलाचा वाटतो तो वापराचा क्रम. पाणी उघड्यावर येतं तिथे आधी फक्त पिण्याचं भरायचं. त्याच्या खाली मशिदीची वजू, मग आंघोळ, कपडे. शेवटी खजुराच्या बागा आणि हंगामी शेती. साबणाचं पाणी झाडांना जातं, कुणाच्या हंड्यात नाही. देखरेखीला 'वकील' असतो (कोर्टातला नव्हे!).

हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते आपल्या उजनीत दिसतं. सोलापूर शहर या धरणाचं पाणी पितं आणि वरच्या अंगाला आहेत पुणे नि पिंपरी-चिंचवड. त्यांचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात येतं.

इथे खरा खोडसाळ घटक फॉस्फरस. एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण 100 ग्रॅम (कोरडं वजन) शेवाळ पोसलं जाऊ शकतं. ते मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन संपला की तळच्या गाळात बसलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे आज नळ बंद केला तरी कालची घाण काम करत राहते. शिवाय नेहमीचं मैलाशुद्धीकरण सेंद्रिय घाण बरीच काढतं, पण फॉस्फरससाठी वेगळी सोय केली नाही तर तो मोठ्या प्रमाणात तसाच पुढे जातो.

ही वेगळी सोय म्हणजे खर्च. तो पुण्यानं करायचा आणि फायदा सोलापूरला! फलजमध्ये हा पेच येत नाही, कारण पाट साफ ठेवायचा खर्च आणि त्याचं पाणी एकाच हिशेबात येतात. दोन महापालिकांचे हिशेब मात्र वेगळे. म्हणून पुण्याच्या केंद्रांचे निकष ठरतात त्या टेबलावर सोलापूरलाही खुर्ची हवी, आणि खर्चात वाटाही.

पुण्यात तुमच्या ओळखीचे कुणी नगरसेवक असतील, तर शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात फॉस्फरस किती असतो, एवढं विचारा. उत्तरात फक्त बीओडीचा आकडा आला, तर पुन्हा विचारा.