प्रार्थना आणि खचलेले मन
मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांत नैराश्य वारंवार दिसते. प्रार्थनेने ते हटते का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. रुग्ण मनात काय धरून हात जोडतो, ते आधी पाहायला हवे. अमेरिकेत केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, देवाने आपल्याला टाकले असे वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. खचलेल्या मनालाच देव दुरावलेला वाटतो, हा आक्षेप रास्त आहे. पण शारीरिक व मानसिक स्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. म्हणूनच देवाने आपल्याला टाकले असे मानणाऱ्या रुग्णाला नुसता जप वाढवायला सांगणे मला धोक्याचे वाटते. त्याचे ऐकून घ्यावे, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. प्रार्थना सोडायला मात्र लावू नये.