वजन जास्त, वय साठीपुढे? उपाशी राहू नका, आधी उठ-बस सुधारा

अमरावती/अकोला : वजन कमी करायचं म्हणून अनेक ज्येष्ठ एक वेळचं जेवणच सोडतात. त्यानं चरबीसोबत स्नायूही झिजतात अन् खाटेवरून उठणं आणखी जड जातं. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर अभ्यास झाला. २०११ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार आहार व व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची हालचाल सर्वाधिक सुधारली.

म्हणून सुरुवात खुर्चीतूनच होते: बसून पाय सरळ करणं, आधार धरून उठणं, मग चालणं. एक किलो वजन घटलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. भाकर थोडी कमी, वरण-मूग जास्त. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करावी.