बटण घरात, चेक टपालात

अमेरिकेत घरची बिलं संगणकावरून भरण्याची सोय इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीची. ओहायो राज्यातली ‘चेकफ्री’ ही १९८१ची कंपनी. मोडेमवरून आलेल्या आदेशानुसार ती ग्राहकाच्या खात्यातून पैसे पोचते करू लागली. १९९०च्या दशकात ही सेवा ‘इंट्यूट’च्या ‘क्विकन’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनही मिळे. बिल भरलं की त्याची नोंद घरखर्चाच्या वहीत आपोआप चढे, हे तिचं खरं आकर्षण. गंमत पुढेच आहे. वीज कंपनीकडे किंवा घरमालकाकडे इलेक्ट्रॉनिक पैसे स्वीकारण्याची व्यवस्था नसली, तर चेकफ्री चक्क कागदी चेक छापून टपालानं धाडी! त्यामुळे मुदतीच्या काही दिवस आधीच आदेश द्यावा लागे; म्हणजे पोस्टमनची वाट पाहणं काही सुटलं नव्हतं.

१९९४मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंट्यूटच विकत घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी क्विकनशी स्पर्धा करणारं स्वतःचं ‘मनी’ हे सॉफ्टवेअर नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीला देण्याची तयारी दाखवली. स्पर्धा मारली जाईल म्हणून अमेरिकी न्याय खात्यानं एप्रिल १९९५मध्ये दावा लावला. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं माघार घेतली. ‘मनी’ची विक्री २००९मध्ये थांबली. क्विकन अजून विकलं जातं.